उसना हुंदका

अंड्याला लावायला मीठ मागितलं, एवढंच. बाकी जोंगनिमनं काहीही केलं नव्हतं. मंगळवारी सकाळी ती नेहमीसारखी गल्लीच्या टोकाच्या न्हाणीघरात गेली होती. गरम पाण्याच्या हौदात बसून बसून पुरेशी शिजली होती, आणि मळ काढणाऱ्या काळ्या चड्डीतल्या दणकट बाईनं हिरव्या खरबरीत मोज्यानं तिच्या ब्याऐंशी वर्षांतली निदान दोन तरी सोलून काढली होती. आता ती बाहेरच्या उबदार फरशीवर अंगाला पंचा गुंडाळून बसली होती आणि अंडं स्वतःच्याच डोक्यावर हलकेच आपटून सोलत होती. भिंतीवरच्या टीव्हीत कसलासा काळापांढरा सिनेमा चालला होता. तिचं तिकडं लक्ष नव्हतं. जुने सिनेमे दिसले की नजर टाळायची तिला जुनी सवय होती, रस्त्यात एखादा लांबचा नातेवाईक दिसल्यावर माणूस दुकानाची पाटी वाचू लागतो तशी. "मीठ दे गं जरा," ती समोरच्या केस काळे केलेल्या बाईला म्हणाली. आणि त्या बाईनं आधी टीव्हीकडं पाहिलं. टीव्हीतल्या बाईनं मीठ मागितलं असं तिला वाटलं होतं.

"अगं बाई!" ती म्हणाली. "आजी, तुमचा आवाज म्हणजे..."

"म्हातारीचा आवाज. आणखी कुणाचा असणार?"

"नाही हो, थेट बांग मेरान! परत बोला बघू काहीतरी."

"मीठ," जोंगनिम म्हणाली.

"चल, काहीतरीच तुझं," बाजूला आडवी झालेली एक जाडजूड बाई डोळे न उघडता म्हणाली. "कुठं मेरान आणि कुठं ह्या आजी. तसा आवाज आता राहिलाय का कुणाचा? आमची सून फोनवर बोलते ना, तर वाटतं फलाटावर कुणीतरी गाडीची घोषणा करतंय."

मग सगळ्याजणी टीव्हीकडं वळल्या, कारण शेवटचा प्रसंग आला होता. बस सुटायच्या बेतात आहे. खिडकीत मुलगा बसलाय. खाली डोक्यावर मासळीची पाटी घेतलेली आई उभी आहे. पोटच्या पोराला तिनं त्याच्या श्रीमंत बापाच्या हवाली केलंय. ती तोंड उघडते आणि तिचा दम अडकतो. रडणं नव्हे, हुंदकाही पुरता नव्हे. ओल्या दोरखंडाला गाठ बसावी तसा काहीतरी आवाज. मग ती म्हणते, "जा." आडव्या पडलेल्या बाईनं पंच्याचं टोक डोळ्यांना लावलं. "हा इथं दम अडकतो ना मेलीचा," ती म्हणाली, "इथं माझी आई दरवेळी मला चिमटा काढायची. मी रडायच्या आधीच." टीव्हीवरची निवेदिका सांगू लागली की 'खारी ओंजळ' हा सिनेमा साफसूफ करून पुन्हा लावणार आहेत, येत्या शनिवारी, चित्रपट संग्रहालयात, आणि बांग मेरान कित्येक वर्षांनी स्वतः लोकांसमोर येणार आहेत. जोंगनिमच्या घशात पिवळा बलक अडकला. तिला दोन बायकांनी पाठीत गुद्दे घातले, तिसरीनं भाताचं गोड थंड पाणी पाजलं, आणि चौथी म्हणाली, "बघा, खोकतात सुद्धा तिच्यासारख्या."

घरी येताना तिनं पिशवी या हातातून त्या हातात किती वेळा घेतली कुणास ठाऊक. चढ नेहमीचाच होता, पण आज कुणीतरी मागून चालत असल्यासारखं वाटत होतं. बोलायचं नाही, असं तिनं ठरवलं, आणि कोपऱ्यावरच्या भाजीवाल्यानं "आजी, मुळा घ्या की" म्हटल्यावर नुसती मान हलवली. तोंड उघडलं तर कुणाचा आवाज निघेल याची तिला खात्री नव्हती. तशी ती कधीच नव्हती. त्या काळी, म्हणजे छुंगमुरो या सिनेमावाल्यांच्या वस्तीतून दर आठवड्याला सिनेमा निघायचा तेव्हा, चित्रीकरण करताना आवाज कुणी नोंदतच नसे. कॅमेऱ्याशेजारी बसून एक माणूस संवाद ओरडून सांगे, नट-नट्या ते मागून म्हणत. मध्येच कुत्रं भुंकलं, विमान गेलं, दिग्दर्शकानं शिव्या घातल्या, तरी प्रेमाचा प्रसंग चालूच. आवाज नंतर भरायचा, आणि तो भरायचा रेडिओवरच्या माणसांनी. एका कोंदट खोलीत पडद्यावर मुकी तोंडं हलत असत आणि एका मायक्रोफोनभोवती सगळे दाटीवाटीनं उभे राहून त्या तोंडांत शब्द घालत. मेरानच्या तोंडात जोंगनिम शब्द घाली. पहिल्या सिनेमापासून शेवटच्या सिनेमापर्यंत. लोकांनी मेरानचा चेहरा पाहिला आणि जोंगनिमचा गळा ऐकला, आणि दोन्ही मिळून एकच बाई आहे असं समजून तिच्यावर जीव टाकला. यात कुणाला फसवणूक वाटत नव्हती. कुणी विचारलंच नाही, आणि न विचारता सांगायची पद्धत नव्हती.

पडद्यावरच्या त्या एका बाईनं तरी काय काय सोसलं म्हणावं. ती लढाईत नवरा गेलेली विधवा होती आणि वरच्या खोलीत राहणाऱ्या चित्रकाराकडं बघायची तिला चोरी होती. ती मोठ्या घरची मोलकरीण होती आणि मालकाच्या जिन्यावरून पडत होती. ती दारू ओतणारी मादाम होती. शेवटी पश्चात्ताप होऊन खोकत खोकत मरत होती. ती परत आलेली बायको होती, न आलेली बायको होती, उंबऱ्याबाहेर बसून माफी मागणारी बायको होती. माफी तर इतकी मागितली की जोंगनिमला बाजारात कोबीचा भाव विचारतानाही आधी माफी मागावीशी वाटे. एका सिनेमात तर बायकोचाही आवाज तिचा होता आणि रखेलीचाही, कारण दुसरी मुलगी आजारी पडली होती. दोघी समोरासमोर बसून भांडत होत्या, आणि जोंगनिम स्वतःच स्वतःला "माझं घर सोड" म्हणत होती आणि स्वतःच "कुठं जाऊ?" म्हणून रडत होती. तिचा नवरा आवाज करणारा माणूस होता. सुपात मूग घोळवून पाऊस पाडायचा, नारळाच्या करवंट्या आपटून घोडे पळवायचा. एक पाऊस पाडणारा आणि एक रडणारी, असं ते घर. थिएटरात रबरी चपला घालून आलेल्या बायकांच्या रांगाच्या रांगा बसत आणि हातरुमाल पिळत. जोंगनिम कधीकधी त्यांच्यात तिकीट काढून बसे. अंधारात आजूबाजूला सगळ्या जगाच्या बायका आपल्या गळ्यानं रडताहेत, आणि आपण कोण हे कुणालाच माहीत नाही, हे सुख तिला दुसरीकडं कुठंच मिळालं नाही. या सुखाचीही तिला आता लाज वाटत होती.

संध्याकाळी फोन आला. संग्रहालयातल्या योमबाई होत्या, पन्नाशीच्या, एक वाक्य संपायच्या आत दुसरं सुरू करणाऱ्या. बांग मेरान यांची एक अट आहे, म्हणजे अट म्हणजे विनंती, आणि ती फोनवर सांगता येण्यासारखी नाही, आणि त्यांनाच तुम्हाला भेटायचंय, उद्या चालेल का, संग्रहालयाखाली कॉफीचं दुकान आहे, तिथं यंत्रावर बोट ठेवून मागवावं लागतं पण मी मागवून देईन. आवाज कसा आहे असं विचारल्यावर जोंगनिमच्या तोंडून न्हाणीघरातल्या बायकांचं बोलणं निसटलं, आणि मग ती "हो" म्हणाली. फोन ठेवल्यावर तिला वाटलं की हे "हो" तिनं मेरानच्या आवाजात म्हटलं. तो मऊ, शेवटी किंचित खाली उतरणारा 'हो', ज्यानं पडद्यावर कितीतरी पुरुष पाघळले होते.

मेरान आधीच येऊन बसली होती. पाठ ताठ, केस पांढरे आणि आखूड, हातात पिशवी. पन्नास वर्षांत दोघी भेटल्या नव्हत्या, आणि आता एकमेकींकडं बघत होत्या. मेराननं तोंड उघडलं आणि तो आवाज आला. खरखरीत, खालच्या पट्टीतला, मासानच्या बंदरावरचा. त्यात मीठ होतं आणि वारा होता. दुकानातल्या दोन मुलींनी मान वळवली.

"ताई, किती वाळलीस गं तू. जेवतीस का न्हाई?"

"जेवते की. तू मात्र तशीच आहेस."

"खोटं बोलू नको. तशीच असते तर यांनी सिनेमा घासूनपुसून काढला कशाला असता? मलाच बसवलं असतं खुर्चीवर." ती हसली, आणि हसता हसता हात तोंडावर नेला. हा हात जोंगनिमला नवा होता. पूर्वी मेरान हसताना तोंड झाकत नसे.

योमबाई अट सांगू लागल्या, आणि सांगताना तीनदा खाकरल्या. सिनेमा संपल्यावर बांग मेरान मंचावर येतील. नमस्कार करतील. दोन शब्द बोलतील. पण दोन शब्द त्या बोलणार नाहीत. आडोशाला मायक्रोफोन घेऊन प्योबाई, म्हणजे जोंगनिम, बसतील आणि त्या बोलतील, आणि बांग मेरान नुसते ओठ हलवतील.

"सवय हाय मला," मेरान म्हणाली. "तुलाबी हाय. दोघींनी जन्मभर दुसरं केलं काय?"

"अगं, पण लोकांना कळेल. ब्याऐंशीची म्हातारी मी, माझा आवाज तरी कुठं तसा राहिलाय?"

"न्हाणीघरातल्या बाया म्हणत्यात की राहिलाय. योमबाई सांगत व्हत्या. तूच सांगितलंस म्हणं फोनवर." मेरान पुढं वाकली. "हे बघ, ताई. लोक त्या आवाजाला भेटायला येणार. मी जर का माझ्या तोंडानं बोलले, तर हसतील. टीव्हीवर हसलेच की न्हाई?"

हसले होते. जोंगनिमनं ते आपल्या घरात, आपल्या टीव्हीवर पाहिलं होतं. सिनेमाची गर्दी ओसरली आणि टीव्हीच्या मालिका आल्या. तिथं नट-नट्यांना स्वतःच्याच तोंडानं बोलावं लागे. बांग मेराननं पडद्यावर पहिलं वाक्य म्हटलं आणि शेजारच्या घरातून भिंतीपलीकडून हशा ऐकू आला, मग वरच्या मजल्यावरून, मग खालच्या. कुणीतरी पेपरात लिहिलं की मेरानबाईंच्या तोंडात कुणी कोळीण शिरलीय. दोन भागांनंतर ती दिसलीच नाही. कुठंतरी सुवोनच्या बाजूला शेवयांच्या रश्श्याचं दुकान घातलं, असं उडत उडत कानावर आलं. गिऱ्हाइकांशी बोलत नाही, नुसती वाडगी ठेवते, असंही. जोंगनिमनं त्या रात्री टीव्ही बंद केला होता आणि नवरा "काय झालं?" म्हणाल्यावर "डोळे दुखताहेत" म्हणाली होती. डोळे दुखत नव्हते. भिंतीपलीकडचा हशा तिनंच पेरला होता. इतकी वर्षं लोकांच्या कानात आपला मऊ गळा ओतून ओतून तिनं दुसऱ्या कुठल्याही आवाजाला तिथं जागाच ठेवली नव्हती. एवढ्यावर भागलं असतं तर तिनं स्वतःला समजावलं असतं. पोटासाठी केलं, सगळेच करत होते. पण एवढ्यावर भागत नव्हतं.

"आणि अजून एक," मेरान म्हणाली. "तुझे आभार मानायचे राहिलेत. पेक मास्तर जायच्या आधी मी त्यांना दवाखान्यात भेटले. तेव्हा ते बोलले मला. 'खारी ओंजळ'च्या वक्ताला त्यांना माझाच आवाज ठेवायचा व्हता. तू न्हाई म्हणालीस. लोक हसतील म्हणालीस. वाचवलंस मला, ताई. न्हाईतर ते हसू दहा वर्षं आधीच आलं असतं, आणि ते दहा वर्षांचे सिनेमे मला मिळालेच नसते. तुझ्यासारखा कान कुणाचा नव्हता." तिनं जोंगनिमचा हात धरला. तळहात खडबडीत होता, आयुष्यभर कढत भांडी उचललेला. जोंगनिमनं कॉफीचा घोट घेतला आणि जीभ पोळून घेतली. पोळली ते बरंच झालं, उत्तर द्यायला नको.

कान होता, हे खरं. आणि कानानं ऐकलंही होतं. दिग्दर्शक पेक मास्तरांनी एका दुपारी मेरानला एकटीला बोलावून शेवटचा प्रसंग नोंदवला होता. गोष्ट मासानच्या बाजारातल्या मासळीवालीची, आणि ती रेडिओवरच्या बातम्यांसारखी शुद्ध बोलते याची पेक मास्तरांना पहिल्यांदाच लाज वाटली होती. "एकदा तरी," ते म्हणाले होते, "बाईच्या तोंडातून बाईच बोलू दे." मग त्यांनी जोंगनिमला बोलावलं, कारण आवाजातलं तिला जास्त कळतं, आणि फीत लावली. खोलीत सिगारेटचा धूर होता. पडद्यावर बस, खिडकी, पाटी. मेरानचा दम अडकला. जोंगनिमच्या दोन्ही हातांवर काटा उभा राहिला. तिनं स्वेटरच्या बाह्या खाली ओढल्या, कुणाला दिसू नये म्हणून. हे तिला कधीच जमलं नव्हतं. ती रडायची ती शब्दाच्या शेवटी, सुबक, रुमालाला शोभेल असं. हे शब्दाच्या आधी होतं. बाई बोलायला जाते आणि आतून कुणीतरी तिचं बोलणं धरून ठेवतं. मग, "जा." फीत संपली आणि फटफट आवाज करत फिरत राहिली. "तू सांग," पेक मास्तर म्हणाले. "तू म्हणशील तसं करतो." त्या क्षणी तिनं काय विचार केला, हे ती नंतर कितीदा आठवायला बसली असेल. विचार असा नव्हताच. फक्त एवढं दिसलं की अंधारातल्या त्या सगळ्या बायका आता दुसऱ्याच गळ्यानं रडतील आणि आपण त्यांच्यात तिकीट काढून बसलेली एक बाई असू. तिनं आपला सगळ्यात मऊ आवाज काढला, मेरानचा, पडद्यावरचा. "बायका हसतील, मास्तर," ती म्हणाली. पेक मास्तर त्या आवाजाला भुलले. इतकी वर्षं सगळेच भुलत आले होते. आठवड्यानं तिनं तो प्रसंग आपल्या गळ्यात भरला. आणि तेव्हा, 'जा'च्या आधी, तिनं दम अडकवला. ऐकलेला, जसाच्या तसा. पेक मास्तरांनी मान खाली घातली आणि मोठ्यानं "झालं!" म्हणाले. नंतर सगळे विचारत, हे सुचलं कसं? ती हसत असे. तो दम पुढं तिच्या अंगात राहिला. नवरा गेला तेव्हा त्याच्या फोटोसमोर ती रडायला लागली, आणि आधी तोच आला, ओल्या दोरखंडाची गाठ. "काकू, अगदी सिनेमासारखं," पुतण्याची बायको डोळे पुसत म्हणाली होती. जोंगनिम तिथंच थांबली. पुढं तिला रडताच आलं नाही. ज्याच्यासाठी रडायचं होतं त्यानं तिला जन्मभर मुगाचा पाऊस पाडून दिला, आणि तिच्याकडं त्याला द्यायला स्वतःचा म्हणून एक हुंदका नव्हता.

बुधवार, गुरुवार, शुक्रवार. तिनं घसा जपला. कोमट पाणी प्यायली, मुळा-मधाचा रस घेतला, वाऱ्यात गेली नाही. जणू कुणाचं तरी उसनं परत करायचंय आणि ते फुटता कामा नये. अर्धा दिवस तिला वाटे की नीट बोलून द्यावं, मेराननं मागितलंय तेवढं तरी द्यावं, हीच भरपाई. उरलेला अर्धा दिवस वाटे की मेरानला सगळं सांगावं. फोनशी जाऊन ती परत येई. सांगितलं तर कुणाचं ओझं कमी होणार? आपलं. आणि त्या बाईपाशी एवढीच एक गोष्ट आहे, की कुणीतरी एकदा तिला वाचवलं. ती काढून घ्यायची? जोंगनिम स्वतःशीच मोठ्यानं म्हणाली, "ढोंगी," आणि आवाज छान लागला म्हणून तिला आणखी वाईट वाटलं.

शनिवारी थिएटर भरलं. पिकल्या केसांच्या बायका होत्या, कॉलेजातल्या मुली होत्या, आणि न्हाणीघरातली ती जाडजूड बाई होती. कपड्यांत असल्यामुळं जोंगनिमला ओळखायला वेळ लागला. सिनेमा ती आडोशाला बसून ऐकत होती. पडदा दिसत नव्हता, नुसता आवाज. इतक्या वर्षांत तिनं पहिल्यांदाच चेहऱ्याशिवाय तो ऐकला, आणि तिला तो आवडला नाही. गोड होता. मासळीवाली डोक्यावर पाटी घेऊन बातम्या वाचत होती. आणि मग शेवटी तो दम. तेवढा एकच खरा, आणि तेवढाच तिचा नव्हता. बाहेर कुणीतरी नाक शिंकरलं. दिवे लागले. टाळ्या थांबेचनात. योमबाईंनी मंचावरून काहीतरी लांबलचक सांगितलं, मग मेरान फिकट निळा हानबोक, तो जुन्या वळणाचा घेरदार पोशाख, घालून मंचाच्या मधोमध जाऊन उभी राहिली, आणि योमबाई आडोशाला येऊन जोंगनिमच्या शेजारी बसल्या. "आता तुम्ही," त्या कुजबुजल्या. मेरानच्या हातात बंद मायक्रोफोन होता, जोंगनिमच्या हातात चालू.

जोंगनिमला मेरानची पाठ दिसत होती. जन्मभर तिनं हे ओठ पाहिले होते, दर वाक्यागणिक, नवऱ्याच्या ओठांपेक्षा जास्त. ही पाठ तिनं कधीच पाहिली नव्हती. मानेवर एक जुना भाजल्याचा डाग होता, रश्श्याचा असावा. बोलायच्या आधी मेरानचा डावा खांदा किंचित वर जातो, हे तिला ठाऊक होतं. खांदा वर गेला. जोंगनिमनं श्वास घेतला. पाठ केलेली वाक्यं जिभेवर तयार होती, पहिलं, 'किती वर्षांनी तुम्हा सगळ्यांना पाहतेय.' आणि ती बोलली नाही. ठरवून नाही, निदान त्या वेळी तिला तसं वाटलं नाही. नंतर मात्र तिला हे पक्कं सांगता येईना, की तिनं मेरानला वाट करून दिली, की तिला अजून एकदा बघायचंच होतं, लोक हसतात का. खांदा पुन्हा वर गेला. थिएटरात कुणीतरी खोकलं. योमबाईंनी तिचा दंड दाबला. "प्योबाई! प्योबाई, बोला ना!" मेरान ओठ हलवत असणार, सातशे माणसं एका मुक्या बाईकडं बघत असणार, जसे त्या कोंदट खोलीत ते सगळे बघत. आणि आता परत कुणालाही न विचारता, मेरानला तर नाहीच नाही, जोंगनिमनं तिच्या आवाजाचं काहीतरी परस्पर ठरवून टाकलं होतं. दुसऱ्यांदा. हे ध्यानात आलं तेव्हा तिनं घाईनं तोंड उघडलं, पण उशीर झाला होता.

"आवाज यायचा हाय अजून," मंचावरून ती खरखर आली, माईकशिवाय, शेवटच्या रांगेपर्यंत. "वाईच दम धरा. म्हातारा झालाय त्यो, जिना चढतोय."

थिएटर हसलं. मोठ्यानं हसलं, छप्पर हलेल असं. कुठलं हसू आहे हे? तिच्या कानाला, ज्याच्यावर सगळ्यांचा विश्वास होता त्या कानाला, ते ओळखता येईना.

"हा माझा आवाज," मेरान पुढं म्हणाली. "भाजीच्या गाडीसारखा. सिनेमात ऐकला त्यो माझ्या ताईचा. ती आत बसलीय. घसा बसला असंल बिचारीचा." पुन्हा हसू, मग टाळ्या, आणि त्या टाळ्या आडोशाच्या दिशेनं आल्यासारख्या वाटल्या. मेरान बोलत राहिली. बंदराबद्दल बोलली, पेक मास्तरांच्या शिव्यांबद्दल बोलली, एका प्रसंगात पाटीतली मासळी खरोखर सडलेली होती आणि रडण्याचं श्रेय तिलाच द्यायला हवं, असंही म्हणाली. लोक ऐकत होते. तिचा हात एकदाही तोंडावर गेला नाही. मग मागच्या रांगेतून कुणी मुलगी ओरडली, "आजी, तो शेवटचा शब्द म्हणा ना! एकदाच!"

मेरान थांबली. खांदा वर गेला. आणि मध्ये पन्नास-साठ वर्षं नसल्यासारखा तो दम अडकला, मूळचा, उघड्या गळ्यातला, ओल्या दोरखंडाचा. जोंगनिमनं स्वेटरच्या बाह्या खाली ओढल्या. "जा," मेरान म्हणाली. थिएटरात इतकी शांतता झाली की वरच्या दिव्यांची भुणभुण ऐकू आली. योमबाईंच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. त्या जोंगनिमच्या कानाशी वाकल्या.

"काय हुबेहूब नक्कल करतात हो तुमची," त्या म्हणाल्या. "तो तुमचा दम अडकतो ना, तो सुद्धा तसाच. किती वर्षं ऐकून ऐकून बसवला असेल, नाही?"

बाहेर लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते आणि त्यांतल्या प्रत्येकाला हेच वाटत असणार होतं. उद्या पेपरात छापून येणार होतं, परवा न्हाणीघरात हेच बोलणार होते. एक वाक्य पुरे होतं. 'नाही, नक्कल मी केली.' एका वाक्यानं जे झालं होतं ते एका वाक्यानं मोडता आलं असतं. "नाही," ती म्हणाली. योमबाईंनी भुवया उंचावल्या. "नाही, ते..."

तेवढ्यात हानबोकचा घोळ सावरत मेरान आडोशाला आली. गाल लाल झाले होते, धाप लागली होती. "हसले, ताई!" ती म्हणाली. "तू म्हणाली व्हतीस तसंच. पण बरं वाटलं गं. का कोण जाणे, बरं वाटलं." मग तिनं जोंगनिमचं उघडं तोंड पाहिलं आणि पिशवीत हात घातला. "अगं, बोलू नको, बोलू नको. ताण देऊ नको घशाला. त्यात काय एवढं? वय झालं आपलं. मी तुझ्यावर रागावलेय का?" तिनं जिनसेंगची गोळी सोलली आणि आपल्या खडबडीत बोटांनी, लहान मुलाला भरवतात तशी, जोंगनिमच्या तोंडात घातली. "पुसानलाबी दाखवणार हायेत म्हणं. तवर बरा होईल."

जोंगनिमनं तोंड मिटलं. योमबाई पुढं ऐकायला थांबल्या होत्या. मग कुणीतरी त्यांना हाक मारली आणि त्या गेल्या. मेरान तिचा हात धरून शेजारच्या खुर्चीत बसली आणि पाय हलवत बाहेरच्या टाळ्या ऐकू लागली. गोळी हळूहळू विरघळत होती. तीन दिवस जपलेला जोंगनिमचा घसा अगदी स्वच्छ होता.